सकाळी तुम्ही एकटेच असता

१

गाडी कशी चालवावी हे पाकिसो लेटुकाला कुणी सांगितलेलं खपत नसे. ते सांगायचं काम त्याचं होतं. बोत्शाबेलोच्या चाचणी मैदानावर तो परीक्षक होता. लायसन्ससाठी आलेल्या पोरापोरींच्या शेजारी बसायचं आणि त्यांच्या चुकांवर फुल्या मारायच्या. आरशात बघितलं नाही, फुली. हँडब्रेक विसरला, फुली. इतक्या वर्षांत त्यानं ओळखीवर एकालाही पास केलं नव्हतं. सख्खा मेव्हणासुद्धा तिसऱ्या खेपेला पास झाला, आणि तोवर दोघांचं बोलणं बंद पडलं होतं.

संध्याकाळी मैदान बंद झालं की तो आपल्या पांढऱ्या गाडीत बसे आणि घरी जायला ब्लुमफाँटेनच्या रस्त्याला लागे. हिवाळ्यात दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं गवत, लांबच लांब तारेचं कुंपण, मधूनच सपाट डोक्याची एखादी टेकडी. तो रेडिओ लावत नसे. गाडी चालवताना माणसानं गाडी चालवावी, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या गाडीत विमा कंपनीनं एक यंत्र बसवलेलं होतं. तसं ते सगळ्यांच्याच गाडीत असतं. त्याशिवाय इथे विमा कोण देतो? गाडी चोरीला गेली तर ते शोधून देतं, आणि चोरीला जात नाही तोवर चालवणाऱ्यावर डोळा ठेवतं. वेग, वळणं, ब्रेक, पट्टा, सगळं टिपतं आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोनवर गुण पाठवतं. वस्तीतले लोक त्या गुणांना शिव्या घालत. पाकिसो मात्र पहिल्या तारखेची वाट बघे. विमा नवरा-बायको दोघांच्या नावावर होता, त्यामुळे दिसेबोच्या फोनवरही तेच गुण येत. तरी तो ते न्याहारीला बसल्यावर मोठ्यानं वाचून दाखवी.

त्या दिवशीही त्यानं चष्मा चढवला. "ऐक, केलेबोनेची आई. या महिन्याचे गुण..."

त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला.

"काय झालं? शंभरातले एकशे दहा दिले की काय?" दिसेबोनं चहात दूध ओतत विचारलं.

"एकोणऐंशी."

"कुणाला?"

"मला."

दिसेबोला हसू आवरेना. माक्वेन्याचा, तळलेल्या पावाचा, तुकडा तिच्या घशात अडकता अडकता राहिला. "माझ्या भावाला आधी फोन करते," ती म्हणाली. "त्याचा आजचा दिवस चांगला जाईल."

पाकिसोचं तिकडे लक्ष नव्हतं. गुणांच्या खाली कारण दिलं होतं, ते तो पुन्हा पुन्हा वाचत होता. शेजारच्या सीटवरच्या प्रवाशानं पट्टा लावला नाही. असं एकदा नाही, महिनाभर.

"कुठला प्रवासी?" तो म्हणाला. "तुझ्याशिवाय माझ्या गाडीत कुणी बसतच नाही."

२

दुपारच्या सुट्टीत त्यानं कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग जोहान्सबर्गहून एका बाईचा गोड आवाज आला. "नमस्कार न्ताते, मी रोरिसांग. काय मदत करू?"

तिनं 'न्ताते' म्हटल्यावर, बापाच्या मानानं बोलल्यावर, पाकिसोचा निम्मा राग तिथेच ओसरला. उरलेला त्यानं तिला ताई म्हणत काढला. "आउसी, मी लोकांना गाडी चालवायला शिकवत नाही. लोक शिकून माझ्याकडे येतात आणि मी ठरवतो. आणि तुमचं यंत्र मला सांगतंय की माझ्या गाडीत लोक बिनपट्ट्याचे बसतात!"

"सीटखाली वजन कळणारी पट्टी असते, न्ताते. सीटवर पिशवीबिशवी ठेवता का? बाजाराचं सामान?"

"पिशवी डिकीत. नेहमी. ब्रेक लावल्यावर सीटवरची पिशवी पुढे येते."

"मग पट्टी खराब झाली असेल. तपासायला माणूस पाठवते, पण त्याला वेळ लागेल. सध्या खूप गाड्या रांगेत आहेत." ती म्हणाली. "तोवर एक करा. त्या सीटचा पट्टा नुसताच अडकवून ठेवा. म्हणजे गुण जाणार नाहीत."

पाकिसोला हे पटलं नाही. रिकाम्या सीटला पट्टा बांधायचा म्हणजे यंत्राशी खोटं बोलणं. पण एकोणऐंशी हा आकडा त्याला दिवसभर टोचत होता. संध्याकाळी निघण्याआधी त्यानं इकडे तिकडे बघितलं, आणि शेजारच्या सीटचा पट्टा ओढून खट्टकन अडकवला. ताणून बघितला. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "हं. ठीक."

मग स्वतःचंच त्याला हसू आलं.

३

पट्टा दिसेबोला सापडला. रविवारी चर्चला जायला ती गाडीत बसायला गेली, तर शेजारचा पट्टा आधीच अडकवलेला.

"हे काय? कुणाला बांधून आणता?"

"यंत्र बिघडलंय, म्हणून."

"यंत्र बिघडलं म्हणून रिकाम्या सीटला पट्टा?"

"रिकामी आहे हे यंत्राला कळत नाही."

"मला तरी कुठे कळतंय!" दिसेबो म्हणाली आणि धाडकन मागच्या सीटवर जाऊन बसली. प्रार्थनेच्या वेळी तिनं डोळे मिटले नव्हते; पाकिसोनं मान वर केली तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती.

घरी आल्यावर तिनं फोन काढला. "माझ्याही फोनवर येतं सगळं, विसरलात का? महिनाभर प्रवासी. रोज प्रवासी. तुमच्या मैदानावर पोरी येतातच ना गाडी शिकून. एखादीला सोडत असाल घरी. सोडा. पण मला मूर्ख बनवू नका."

"मी एकालाही सोडत नाही. मी परीक्षक आहे!"

"परीक्षक पुरुष नसतात का?"

वर्षानुवर्षांच्या संसारात तिनं असं कधी विचारलं नव्हतं. आणि यातली खरी गोची पाकिसोच्या हळूहळू ध्यानात आली. गाडीत कुणी बाई असती तर तिला हजर तरी करता आली असती. कुणी नव्हतंच, हे माणूस सिद्ध कसं करणार?

"कंपनीला विचारू," तो शेवटी म्हणाला. "तू समोर बस. तूच विचार. ती सीट कुठे भरते आणि कुठे रिकामी होते, त्यांच्याकडे सगळं असतं."

"सगळं?"

"गाडी कुठे थांबली, किती वेळ थांबली, सगळं."

दिसेबोनं हाताची घडी घातली. "बघा हं," ती म्हणाली. "अजून वेळ गेलेली नाही. काय असेल ते आत्ताच सांगून टाका."

४

फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. योगायोगानं रोरिसांगच निघाली. तिनं दोघांची नावं विचारून घेतली, ओळख पटवणारे प्रश्न विचारले. विम्यावर दिसेबोचंही नाव आहे म्हटल्यावर ती तिच्याशी आईच्या मानानं बोलायला तयार झाली.

"पट्टीचाच दोष असणार, म्मे," ती म्हणाली. "पण बघते. हां. शेजारची सीट रोज संध्याकाळी भरते. बोत्शाबेलोहून निघताना रिकामी असते. मग बऱ्याच अंतरावर नकाशात एक जुना बसथांबा दिसतोय, तिथे."

पाकिसोला तो थांबा माहीत होता. निलगिरीच्या चार झाडांखाली सिमेंटचं एक छप्पर. आजूबाजूला ना घर ना वाट. बस तिथे का थांबावी हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि आता ती थांबतही नव्हती.

"मी तिथे थांबत नाही," तो म्हणाला.

"नाही, थांबत नाही तुम्ही. वेगही कमी होत नाही."

"मग चढतो कसा?" दिसेबोनं विचारलं. तिच्या आवाजातला राग जरा पातळ झाला होता.

"म्हणून तर पट्टीचा दोष म्हटलं, म्मे."

"आणि उतरतो कुठे? ते सांग. कुठल्या घरापाशी?"

पलीकडे बटणांचा टकटक आवाज झाला. "तुमच्याच. गाडी गेटच्या आत आल्यावर, बंद झाल्यावर. आधी न्ताते उतरतात, मग थोड्या वेळानं ती सीट मोकळी होते."

दिसेबो नवऱ्याकडे बघायला लागली. पाकिसो फोनकडे बघत होता.

"रोज?"

"कामाच्या दिवशी रोज."

"आणि सकाळी?" हे पाकिसोनं विचारलं. का विचारलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "सकाळी मी निघतो तेव्हा?"

या वेळी टकटक जास्त वेळ चालली. फ्रिज घरघरायचा थांबला, आणि स्वयंपाकघरात एकदम शांत झालं.

"सकाळी तुम्ही एकटेच असता, न्ताते," रोरिसांग म्हणाली.



पाकिसोला एकदम संताप आला. "माझ्या गाडीत कोण बसतं, कोण उतरतं, हे तुम्ही बघायचंच कशाला? काढून न्या ते यंत्र. उद्याच्या उद्या."

"यंत्र काढलं की विमा संपतो, न्ताते. तुमची सही आहे. आणि आम्ही कुठे बघतो? यंत्र बघतं. आम्ही विचारल्यावर सांगतो फक्त." मग ती नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, "अजून काही मदत करू शकते का मी आपल्याला?"

फोन ठेवल्यावर दिसेबो बराच वेळ टेबलावरचे साखरेचे कण बोटानं गोळा करत बसली.

"केलेबोनेचे बाबा," ती शेवटी म्हणाली. "रोज एक येतो. जात कुणीच नाही."

"पट्टी खराब आहे."

"हो," दिसेबो म्हणाली. "पण मी दिवसभर घरात असते."

५

मुलगी केलेबोने नर्स होऊन केपटाउनला गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. कपाट, पलंग, पडदे, सगळं ती घेऊन गेली होती. उघड्या सिमेंटच्या जमिनीवर दिसेबोचं शिवणयंत्र तेवढं उरलं होतं. चर्चच्या बायकांचे लाल झगे ती तिथे शिवत असे. रिकाम्या खोलीत यंत्राचा असा खडखडाट घुमायचा की शेजारची मा-न्थोफीला कुंपणावरून ओरडायची, "आगगाडी आली का गं?"

"गेले काही दिवस ती ओरडली नाही," दिसेबो म्हणाली. "मला वाटलं, मशीनला तेल घातलं म्हणून."

दोघं त्या खोलीच्या दारात उभे होते. दुपारचं ऊन खिडकीतून जमिनीवर पडलं होतं. शिवणयंत्र, खुर्ची, भिंतीशी कापडाचा गठ्ठा. बाकी काही नाही.

"रिकामं चर्च कसं असतं?" दिसेबो विचारत होती, पण हळू, कुणी झोपलेलं असावं तसं. "खुर्ची सरकवली तरी दणका होतो. आणि रविवारी, भरल्यावर? सगळे गप्प असले तरी कळतं ना? आवाज पुढे जातच नाही. माणसं पिऊन टाकतात."

"कापडाचा गठ्ठा आहे. कापड आवाज खातं."

"बरं."

तिनं गठ्ठा उचलून बाहेर पडवीत नेऊन ठेवला. खुर्चीवरची उशीही नेली. मग म्हणाली, "टाळी वाजवा."

"काय पोरखेळ आहे हा."

"वाजवा तर."

पाकिसोनं आधी बोळात उभं राहून टाळी वाजवली. खणखणीत वाजली. मग तो खोलीच्या मधोमध गेला आणि पुन्हा वाजवली.

टाळी हातातच विझली. गोधडीत हात घालून वाजवावी तशी.

त्यानं आणखी एकदा वाजवली. मग तिसरी वाजवावी म्हणून त्यानं हात उचलले आणि तसेच खाली सोडले, कारण एकदम त्याला ओशाळं वाटलं. आपण लोकांच्या मधे उभं राहून, त्यांच्या तोंडासमोर टाळ्या वाजवतोय, असं काहीतरी. हे वाटणं मूर्खपणाचं होतं, हे त्याला कळत होतं. ओल असेल भिंतींना. ओल्या भिंतीवर आवाज बसतो.

पण ओल नव्हती. त्यानं भिंतीला हात लावून बघितला. जुलैचा महिना, इथला ऐन हिवाळा, सकाळी नळाला बर्फ धरतो, त्या खोलीत कधी हीटर लावलेला नाही. आणि भिंत ऊबदार होती. छातीच्या उंचीपर्यंत ऊबदार. त्याच्या वर, छताकडे, नेहमीसारखी गार.

तो बाहेर आला आणि त्यानं दार ओढून घेतलं. ओढताना जपून ओढलं. दिसेबोनं ते बघितलं.

६

दोन दिवसांनी दिसेबो दुपारीच टॅक्सीनं बोत्शाबेलोला गेली. लाल कापड तिथे स्वस्त मिळतं, असं तिनं मा-न्थोफीलाला सांगितलं. संध्याकाळी मैदान सुटल्यावर ती कापडाची पिशवी घेऊन पाकिसोच्या गाडीपाशी उभी होती.

"आज मी बसणार त्या सीटवर," ती म्हणाली.

"बस. बरंच झालं. यंत्राला आज तरी खरं सांगता येईल."

पट्टा तिनं स्वतः लावला. पिशवी डिकीत. गाडी रस्त्याला लागली तेव्हा सूर्य टेकडीवर टेकला होता आणि गवत तांबूस दिसत होतं. दिसेबो नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. कापडवाल्याशी कशी घासाघीस केली, त्यानं कसा मीटरमधला बोटभर तुकडा चोरायचा प्रयत्न केला, आपण त्याला कसं पकडलं. पाकिसो हं हं करत होता. निलगिरीची झाडं लांबून दिसली तशी त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मी म्हटलं, भाऊ, माझे डोळे अजून चांगले आहेत, तू काय समजून..."

वाक्य अर्धंच राहिलं.

पाकिसोनं मान वळवली नाही; रस्त्यावरून नजर काढायची नसते. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं. दिसेबोनं झग्याचा घोळ गोळा केला, आणि ती दाराकडे सरकली. पुरतं अंग चोरून सरकली. भरलेल्या टॅक्सीत मधेच कुणी चढलं की माणूस जसा न बोलता सरकतो, जागा करून देतो, तशी. तिच्या आणि गिअरच्या मधे आता वीतभर जागा होती. त्या जागेकडे तिनं बघितलं नाही. समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत राहिली.

थांबा मागे गेला. आरशात बघायची पाकिसोची पक्की सवय होती, पण त्या दिवशी त्यानं आरशात बघितलं नाही.

घरी गेटच्या आत गाडी थांबली. तो उतरला. दिसेबो उतरेना. तिनं आपल्या बाजूचं दार उघडलं, गुडघे एका बाजूला वळवले, अगदी सीटला पाठ लावून बसली, आणि थोडा वेळ तशीच थांबली. मग उतरली.

"काय होतं?" पाकिसोनं विचारलं.

"आत चला."

"दिसेबो, काय होतं?"

तिनं शाल डोक्यावरून घेतली.

"दमलेत," ती म्हणाली. "एवढंच कळलं. फार दमलेत. आणि आपण त्यांना इथे आणून सोडतो, आणि पुढे कुणी नेतच नाही."

"कुणाला नेत नाही? पुढे म्हणजे कुठे?"

"मला काय ठाऊक," दिसेबो चिडून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळं मलाच काय विचारता? गाडी तुमची आहे."

७

रविवारी ते चर्चला गेले नाहीत. पाकिसोनं गाडी तोंड गेटकडे करून उभी केली आणि चारही दारं उघडून ठेवली. किल्ली काढून हातात घेतली. हे सगळं तो बायकोच्या समाधानासाठी करतोय, असं तो मनाशी म्हणत होता. बाईमाणूस, एकटी असते दिवसभर. एकदा मनासारखं झालं की विसरेल.

दिसेबोनं मागच्या खोलीचं दार उघडलं, मग बोळातलं, मग पुढचं. धुतलेला झगा घालून ती खोलीच्या दारात उभी राहिली आणि पुष्कळ माणसांना करतात तसा तिनं नमस्कार केला. "दुमेलांग," ती म्हणाली. "चहापाणी विचारलं नाही, रागावू नका. आम्हाला कळलं नव्हतं. गाडी बाहेर उभी आहे."

मग दोघं पडवीत एका बाजूला सरून उभे राहिले.

काही झालं नाही. ऊन छान पडलं होतं. मा-न्थोफीला पलीकडे दोरीवर चादरी वाळत घालत होती. तिनं उघड्या दारांकडे बघितलं. "पाहुणे निघाले वाटतं?"

"हो," दिसेबो म्हणाली.

"बराच मुक्काम झाला," मा-न्थोफीला म्हणाली, आणि तिनं पुढची चादर झटकली.

पाकिसोला विचारायचं होतं की तुला कसं माहीत, काय बघितलंस. पण मा-न्थोफीला चादरींच्या मागे गेली होती. पुरे झालं म्हणून तो खाली उतरला आणि त्यानं गाडीची दारं एकेक करून लावली. नकळत नीट लावली, कुणाचा झगा अडकू नये तशी. मग पडवीत येऊन त्यानं कंपनीला फोन लावला. निदान त्या पट्टीचा तरी निकाल लागू दे.

"नमस्कार न्ताते," रोरिसांगचा आवाज आला. "बरं झालं तुम्हीच फोन केलात. मी करणारच होते. गाडीत फार माणसं आहेत. मागच्या सीटवर तिघांपेक्षा जास्त बसवायची परवानगी नाही. मागचं वजन यंत्राच्या आकड्यात मावत नाहीये."

पाकिसोनं गाडीकडे बघितलं. रिकामी गाडी. उन्हात चमकणारी.

"आणि न्ताते," ती म्हणाली, "तुम्ही इतरांना पट्टे लावायला लावता आणि स्वतः लावला नाहीत. ड्रायव्हरचा पट्टा अजून मोकळा आहे."

"ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नाही," पाकिसो म्हणाला.

"हां, आता लावलात. धन्यवाद."

दिसेबोनं त्याची बाही धरली. गाडीच्या काचा धुरकट होत होत्या. आधी मागची, मग बाजूच्या, मग पुढची. आतून. थंडीच्या दिवसांत भरलेल्या गाडीच्या होतात तशा. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर मधोमध एक गोल भाग स्वच्छ झाला. कुणीतरी तळव्यानं पुसावा तसा, दोनदा, डावीकडून उजवीकडे.

"किल्ली द्या त्यांना," दिसेबो कुजबुजली.

"काय?"

"द्या, म्हणजे जातील."

पाकिसो पायऱ्या उतरला. आपण का चाललोय हे त्याला कळत नव्हतं. पाय चालत होते. काच चार बोटं खाली सरकली होती. आतून ऊब आली, आणि ओल्या लोकरीचा, प्रवासाचा वास. आत त्यानं नीट बघितलं नाही. पुसलेल्या गोलातून त्याला दिसले ते स्टिअरिंगवर ठेवलेले दोन हात, जिथे ठेवावेत तिथेच ठेवलेले. आणि वरचा आरसा. आरसा किंचित हलला, कुणी तो स्वतःच्या उंचीला लावून घेतला, आणि त्या क्षणभरात त्यात कपाळं दिसली. कितीतरी. एकामागे एक, गाडीच्या लांबीपेक्षा लांबवर. सगळी त्याच्याकडे बघत होती. राग नव्हता त्यांच्यात. उशीर करणाऱ्या माणसाकडे बघतात तसं बघत होती.

त्यानं किल्ली काचेच्या फटीत धरली. कुणी ओढून घेतली नाही. ती फक्त हातात उरली नाही.

गाडी सुरू झाली, हळूच गेटबाहेर गेली, कोपऱ्यावर थांबली, आणि वळून दिसेनाशी झाली.

फोन अजून कानाशीच होता. पाकिसोला भान आलं तसा तो ओरडला, "आउसी, माझी गाडी! गाडी गेली माझी! चोरीला गेली, पोलिसांना कळव लगेच!"

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी! पाकिसो लेटुका!"

रोरिसांग हसली, पण थोडंसंच. "थट्टा करू नका. न्ताते लेटुका गाडी चालवताहेत. मला इथे दिसतंय. यंत्राला माणूस ओळखू येतो, ब्रेकवरून, वळणावरून. इतक्या हळुवारपणे ब्रेक दुसरं कुणी लावत नाही. आत्ता कोपऱ्यावर थांबले, बघा. रस्ता मोकळा होता तरी थांबले."

"मी घरी उभा आहे, बाई! माझ्या दारात!"

पलीकडे तिचा आवाज बदलला, अनोळखी माणसाशी बोलावा तसा झाला. "मग मला काही प्रश्न विचारावे लागतील." तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. जन्मतारीख. आईचं माहेरचं नाव. ओळखपत्राचा क्रमांक. एकही उत्तर चुकलं नाही.

"उत्तरं बरोबर आहेत," रोरिसांग म्हणाली. ती घाबरलेली वाटली. "आपल्याला ही माहिती कुठून मिळाली, मला ठाऊक नाही. पण माफ करा. गाडीबद्दल आम्ही फक्त मालकाशी बोलतो, आणि मालक गाडीत आहेत."

फोन बंद झाला.

पाकिसो वळला. घराची सगळी दारं अजून सताड उघडी होती. पुढच्या दारात, चौकटीला एक हात लावून, दिसेबो उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे.

"केलेबोने झाली तेव्हा," ती सावकाश म्हणाली, "बाहेर ऊन होतं की पाऊस?"

"दिसेबो, हे काय चालवलंयस?"

"सांगा."

"गारा," पाकिसो म्हणाला. "गारा पडत होत्या. दवाखान्याच्या पत्र्यावर एवढा आवाज, की मुलगी झाली म्हणून मी ओरडलो तरी तुला ऐकू येईना. मग मी तुझ्या तळव्यावर बोटानं लिहिलं."

उत्तर बरोबर होतं. ते त्या दोघांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं.

दिसेबो दारातून बाजूला झाली नाही.